ठमीची ३८ मिनिटं

आमच्या दारावर अजूनही एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, "बाळ झोपलंय, बेल वाजवू नये". ती लावल्यापासून लोक बेल वाजवत नाहीत हे खरंय, दार ठोकतात. एक कुरिअरवाला तर चिठ्ठी नीट वाचून मला फोन करायचा, आणि फोन माझ्या गाऊनच्या खिशात, ठमी खांद्यावर, म्हणजे रिंगटोन थेट तिच्या पोटात वाजायची.

ठमी म्हणजे आमची लेक. खरं नाव वेगळं आहे, बारशाला आत्याने कानात सांगितलेलं, पण घरात सगळे ठमीच म्हणतात. आता ती साडेसात महिन्यांची आहे आणि दुपारी चक्क दीड तास झोपते. हे वाक्य टाईप करतानाही मी टेबलाला हात लावलाय. ऑफिसातल्या दोन मैत्रिणी सारख्या विचारतायत की नक्की काय केलंस, आणि व्हॉट्सॲपवर एवढं मोठं लिहिणं शक्य नाही म्हणून इथे लिहितेय.

पहिले तीन महिने मी डोंबिवलीला माहेरी होते. तिथे सकाळी मालिशवाल्या मावशी यायच्या, तेल, गरम पाणी, दुपट्यात गुंडाळलं की ठमी जी झोपायची ती दोन-दोन, कधी तीन तास. आई म्हणायची गुणी आहे गं पोर, आणि मलाही वाटायला लागलं होतं की आपल्याला काहीतरी जमलंय. मग आम्ही ठाण्याला आलो. पाचपाखाडीत तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके, आणि शेजारची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलेली. पाचपाखाडी-नौपाड्यात राहणाऱ्यांना सांगायला नको, प्रत्येक गल्लीत एक तरी बिल्डिंग पत्र्याआड असतेच. सकाळी नऊला ब्रेकर सुरू. आणि आल्यानंतर आठवड्या-दीड आठवड्यात ठमीची झोप एकदम ३८ मिनिटांवर आली. ३८ हा आकडा मी उगाच देत नाहीये, मी मोबाईलवर टायमर लावायचे. ३६, ३८, ४१, ३८. झोपवायला पाऊण तास आणि झोप ३८ मिनिटं. त्या वेळात मी काय करायचं, जेवायचं की आंघोळ, एकच निवडा.

कारणं मात्र प्रत्येकाकडे तयार होती. सासूबाई म्हणाल्या दृष्ट लागलीये, बारशाला एवढी माणसं आली होती. त्यांनी मीठ-मोहरी ओवाळून टाकली, मोहरी तडतडली, दृष्ट निघाली, ठमी ३८ मिनिटांनी उठली. माझ्या आईचं म्हणणं दूध पुरत नसेल तुझं, जे ऐकून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. नवऱ्याचं म्हणणं सगळा ब्रेकरचा प्रॉब्लेम आहे. पण रविवारी ब्रेकर बंद असायचा आणि रविवारीसुद्धा ३८च. आणि मी काय केलं, तर ऑनलाईन एका बाईंकडून तीन हजार रुपये भरून झोपेचं टाइमटेबल घेतलं. पीडीएफ आली. त्यात ठमीने ९.१५ ते १०.४५ झोपायचं होतं. ठमीला वाचता येत नसल्यामुळे ते जमलं नाही.

शेवटी लसीच्या वेळी आमच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मला एक काम दिलं, चार दिवस वहीत लिहा, चोवीस तासांत एकूण किती झोपते आणि किती वेळा शू करते. लिहिलं. एकूण झोप १३ तासांच्या आसपास, शू सात-आठ वेळा, वजनही छान वाढत होतं. मग ते म्हणाले पोट भरतंय, झोपही पुरतेय, चार महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाला दिवस-रात्र मिळून १२ ते १६ तास झोप लागते, तुमची मुलगी त्यात बसते. पोटाचा विषय तिथेच मिटला. मी आईला फोन करून सांगितलं, जरा मोठ्या आवाजातच.

मग त्यांनी जे समजावलं ते आधी कोणी सांगितलं असतं तर माझे तीन हजार वाचले असते. नवीन जन्मलेल्या बाळाची झोप वेगळीच असते, दिवस-रात्रीचं घड्याळच अंगात बसलेलं नसतं, ते दोन-चार महिन्यांत हळूहळू बसतं, म्हणून ते कुठेही, कसंही झोपतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या आसपास झोपेची घडण मोठ्यांसारखी व्हायला लागते, म्हणजे गाढ, मग हलकी, मग परत गाढ. मोठ्यांचं असं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं, बाळांचं पाऊण तासाच्या आसपास. चक्र संपलं की झोप एकदम पातळ होते. आपणही रात्री तेव्हा कूस बदलतो, चादर ओढतो आणि परत झोपतो, सकाळी आठवत पण नाही. बाळाला ते परत झोपणं अजून येत नसतं. म्हणजे ३८ मिनिटांनी उठणारी ठमी बिघडलेली नव्हती, ती पहिल्या स्टेशनावर उतरत होती एवढंच. आणि ना ठाण्याची हवा, ना दृष्ट, नेमकं त्याच वयात आम्ही घर बदललं म्हणून सगळं घरावर आलं. डोंबिवलीला राहिले असते तरी हेच झालं असतं, फक्त मग आईने मालिशवाल्या मावशींना दोष दिला असता.

हे कळलं तरी करायचं काय ते कळलं नव्हतं. ते कळलं कणकेमुळे.

एका सकाळी मी कणीक मळत होते, नुकतंच पाणी घातलेलं, म्हणजे सगळी कणीक बोटांना चिकटलेली, आणि आतून ठमीचा आवाज आला. नेहमीचा, आधी एक छोटं "अं", मग कुरकुर, मग "आं आं" असं चढत जाणारं. एरवी मी पहिल्या "अं"लाच धावायचे, मोठं रडू फुटायच्या आत उचललं की परत झोपेल म्हणून. सासूबाई खाली भाजीला गेलेल्या. मी हात धुवायला घेतले तर कणीक काही निघेना, नळाखाली घासतेय, नखांतून काढतेय, आतला आवाज चालूच. हात पुसत दारापर्यंत आले तर आवाज बंद. पडद्याआडून वाकून बघितलं. ठमीचे डोळे मिटलेले. ओठ असे हलतायत जसं काही पितेय, डाव्या हाताची बोटं पसरलेली, मग एक एक करून मिटली, एकदा मान या बाजूची त्या बाजूला केली, एक मोठा सुस्कारा टाकला आणि शांत. आणि मग पुढची ४० मिनिटं झोपली. मी तिथेच उभी, हाताला अर्धी कणीक, आणि डोक्यात एकच की म्हणजे इतके दिवस मीच उठवत होते हिला.

म्हणजे प्रत्येक वेळी नाही. पण त्यानंतर मी ठरवून थांबायला लागले. आवाज आला की लगेच आत जायचं नाही, दाराशी उभं राहून डोळे बघायचे, मिटलेले असतील तर ती झोपेतच बडबडतेय. दोन मिनिटं, तीन मिनिटं, फार तर चार. डोळे उघडे असतील किंवा रडणं खरं असेल तर अर्थातच उचलायचं, पोराला रडत ठेवायचं असं मी म्हणत नाहीये. (तसंही आमच्या मजल्यावर ते शक्य नाही, शेजारच्या काकू दुसऱ्या मिनिटाला "काय झालं गं" म्हणून हजर असतात.) पाचातल्या दोन वेळा तरी ती आपली आपण परत झोपायची. तीन वेळा उठायची. पण शून्यापेक्षा दोन बरे.

दुसरी गोष्ट वेळेची. सासूबाईंचं म्हणणं असायचं, दमव तिला जरा, दमली की झोपेल. ऐकायला बरोबर वाटतं पण उलटं होतं. दमून गेलेलं पोर जास्त किरकिर करतं आणि झोपलं तरी दचकून उठतं. चार-पाच महिन्यांचं बाळ एका वेळी दीड ते दोन तासच जागं राहू शकतं, त्यात दूध, ढेकर, खेळ सगळं आलं. ठमीची खूण मला उशिरा कळली. जांभई आणि डोळे चोळणं ही तर शेवटची घंटा, त्याच्या आधी ती एकदम गप्प होते, हातातलं खेळणं धरून पंख्याकडे नाहीतर भिंतीकडे टक लावून बघत बसते आणि भुवया लालसर होतात. मला वाटायचं काय शहाण्यासारखी खेळतेय. ती खेळत नव्हती, तिची पेंग सुरू झाली होती. तेव्हा आत नेलं तर दहा मिनिटांत झोप, तो क्षण गेला तर पाऊण तास खांद्यावर घेऊन हॉल ते किचन वाऱ्या.

अंधाराचं मला आधी खोटं वाटायचं, दिवसा कशाला अंधार. पण दिवस-रात्र कळायला लागलेल्या बाळाला उजेड म्हणजे जागं राहायचं एवढं कळतं, आणि आमच्या बेडरूमची खिडकी पश्चिमेची, पडदा पातळ. ब्लॅकआऊट पडद्याचे भाव बघून आम्ही सासूबाईंच्या ट्रंकेतली जुनी सोलापुरी चादर काढली आणि पडद्याच्या रॉडवर कपड्यांच्या चिमट्यांनी लावली. चादरीवर मोर आहेत. खोलीत बऱ्यापैकी अंधार होतो आणि पाहुण्यांना वाटतं वाळत घातलीये. मात्र खोली बंद केली की ऑक्टोबरमध्ये भट्टी होते, म्हणून पंखा जोरात किंवा एसी २६ वर, आणि मानेच्या मागे हात लावून बघायचं, घाम असेल तर कपडे कमी. टोपडं तर झोपताना घरात नकोच. यावरून सासूबाई दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

आता ब्रेकर. त्याला आपण काही करू शकत नाही, तक्रार करून झाली, वेळेचा बोर्ड दाखवला गेला. नवऱ्याने मोबाईलवर पावसाचा आवाज लावायला सुरुवात केली आणि फोन तिच्या उशाशी ठेवला, तो मी उचलून पार कपाटावर ठेवला. असला आवाज हळू आणि बाळापासून निदान दोन मीटर लांब हवा, कानाशी नाही. नंतर आम्ही जुना टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून लावला, त्याची घरघर पुरते. पण खरी युक्ती वेगळीच निघाली. ब्रेकरवाले एक ते दोन जेवायला बसतात. मी आधी तिला सव्वाला झोपवायचे, म्हणजे पाऊण तासाने झोप पातळ व्हायची ती बरोबर दोनला, आणि दोनला ब्रेकर. मग मी सकाळच्या झोपा थोड्या थोड्या अलीकडे आणून ठमीला पावणेएकला आत न्यायला लागले, एकला डोळा लागायचा, पावणेदोनची ती नाजूक वेळ शांततेत निघून जायची, आणि ब्रेकर सुरू होईपर्यंत ती दुसऱ्या गाढ झोपेत. मग खुशाल फोडा बिल्डिंग! तीन हजारांच्या पीडीएफमध्ये हे नव्हतं.

आणि झोपायची जागा. ठमी खांद्यावर झोपायची आणि जागी व्हायची गादीवर. लोकलमध्ये डोळा लागला आणि उघडला तो बदलापूरला, तर आपण कसे दचकतो, आजूबाजूला कोण, बॅग कुठे, तसंच असणार ना ते. डॉक्टर म्हणाले दिवसातली एक झोप तरी अशी करा की डोळे जड झालेत पण पूर्ण मिटले नाहीत, तेव्हाच खाली ठेवा. पहिले आठ-दहा दिवस हे फसलंच. ठेवताना आधी डोकं टेकवलं की तिचे दोन्ही हात फटकन वर जायचे, पडल्यासारखं वाटून. मग सासूबाईंनीच दाखवलं, आधी ढुंगण टेकव, मग पाठ, सगळ्यात शेवटी डोकं, आणि लगेच हात काढू नकोस, पंजा छातीवर तसाच ठेव. हा हात काढायचा प्रकार म्हणजे आधी करंगळी, मग बाजूचं बोट, असं करत शेवटी तळवा, मला तर श्वास पण घ्यायची भीती वाटायची. पण झोप लागायच्या वेळी खाली गादी आणि जाग यायच्या वेळी पण तीच गादी, हे झाल्यापासून तिला परत झोपणं सोपं गेलं असं मला नक्की वाटतं. अंगावर पाजता पाजता झोपली तरी मी फार मनाला लावून घेतलं नाही, रात्री तर तसंच चालतं अजूनही, त्यात काही गुन्हा नाही.

झोळीवरून मात्र सासूबाईंशी खरं भांडण झालं. "अगं, साडीची झोळी बांध, दोन तास उठायची नाही, आमची सगळी झोळीतच वाढली." वाढली खरी. पण झोळीत बाळाची मान पुढे वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि एवढ्याशा पोराची श्वासाची नळी त्यात दबू शकते, ते ओरडूही शकत नाही. बाळाला सपाट, घट्ट गादीवर, पाठीवर झोपवायचं, आजूबाजूला उशी, गोधडी, लोड, बाहुल्या काही नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात लोकांना बाळं पालथी झोपवू नका, पाठीवर झोपवा असं सांगायला लागले आणि झोपेत अचानक जाणाऱ्या बाळांची संख्या जवळपास निम्म्यावर आली, हे मी वाचलं तेव्हा माझा वाद संपला. मी म्हटलं, "अहो आई, तुम्ही समोर जाग्या बसलेल्या असाल तेव्हा पाच मिनिटं झोळी, डोळे जड झाले की गादी." त्यांनी ते मान्य केलं, तोंड वाकडं करून. राईची उशी पण गेली, डोकं गोल व्हायचं तर जागेपणी आपल्यासमोर पालथं घालून खेळवायचं, त्यानेच होतं.

मी फार शहाणी आहे असं समजू नका. पाचव्या महिन्यात एकदा दुपारी मी सोफ्यावर तिला छातीशी घेऊन टेकले आणि मलाच झोप लागली. जाग आली तेव्हा ठमी घसरून माझा दंड आणि सोफ्याची पाठ यांच्यामधल्या फटीत, तोंड उशीकडे. काही झालं नाही. पण त्या दिवशी रात्री मी झोपलेच नाही. बाळाला घेऊन सोफ्यावर डुलकी ही सगळ्यात वाईट जागा, पेंग येतेय असं वाटलं तर तिला खाली ठेवा, रडली तरी चालेल.

जायफळ उगाळून चाटव हाही सल्ला आला, तिघींकडून. जायफळाची गुंगी ही विषाचीच गुंगी असते आणि एवढ्याशा अंगाला किती म्हणजे जास्त हे कोण ठरवणार. मध तर वर्षाच्या आत अजिबातच नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका पोरांना अफूची बाळगोळी देऊन कामावर जायच्या, पोरं दिवसभर पडून राहायची. त्यांना नावं ठेवायला मला आता जीभ रेटत नाही, कारण माझी रजा संपत आल्यावर मलाही रात्री काय काय सुचायचं. २०१७ पासून रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर हवं असा कायदा आहे. माझ्या ऑफिसचं पाळणाघर एचआरच्या ईमेलमध्ये आहे, ऐरोलीच्या बिल्डिंगमध्ये मला अजून दिसलेलं नाही.

तर सहा महिने पूर्ण झाल्यावर ठमी गल्लीतल्याच एका काकूंच्या पाळणाघरात जायला लागली. तोवर तिच्या झोपा आपोआप लांबायलाही लागल्या होत्या, चारच्या तीन झाल्या, त्यामुळे माझ्या चादरीचं श्रेय किती आणि वयाचं किती हे मला सांगता येणार नाही, मला वाटतं निम्मं तरी वयाचंच. पहिल्या दिवशी मी काकूंना दोन पानं लिहून दिली. अंधार, टेबलफॅन, भुवया लाल, छातीवर पंजा, चार मिनिटं थांबा. त्यांनी चष्मा लावून वाचली, घडी करून फ्रिजवर ठेवली. संध्याकाळी गेले तर म्हणाल्या दुपारी दीड तास झोपली. बाहेरच्या खोलीत, पडदे उघडे, टीव्हीवर सिरीयल, शेजारी अजून तीन पोरं. मी विचारलं कसं झोपवलंत. "झोपवायचं काय त्यात, बाकीची झोपली, तीही झोपली."

मी काही बोलले नाही. फक्त गादीवर राईची उशी दिसली, ती मात्र उचलून त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं की हिला ही नको, आणि पाठीवरच ठेवा. त्यांना ते आवडलं नाही, पण उशी कपाटात गेली, मी रोज जाता-येता बघते.